जमनाचं दूध, आईचा ताप

आमच्या घरात शेवटचं घोडं कधी होतं हे नानांनाही सांगता येत नसे, पण गाईच्या गोठ्याला पागा म्हणायची सवय काही सुटली नव्हती. नानांचे पणजोबा बडोदे सरकारच्या रिसाल्यात होते, ते साताऱ्याकडून घोड्यावर बसून इकडे आले आणि इथलेच झाले, एवढा इतिहास आमच्याकडे तोंडी होता. पुढे संस्थान गेलं, रिसाला गेला, घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या खोल्या भावाभावांत वाटल्या गेल्या. नाना रिफायनरीत ऑपरेटर म्हणून लागल्यावर आम्ही तिघं बाजव्याला रेल्वेलाइनच्या पलीकडे राहायला आलो. घराच्या मागे पत्र्याचं छप्पर, खाली फुटक्या फरशा, एक गव्हाण आणि त्यात एकुलती एक गाय, हीच आमची पागा. नाना शिफ्टवरून आले की स्कूटर स्टँडला लावता लावता विचारायचे, "पागेत सगळं ठीक ने?" आणि आई स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची, "हो सरदार, तुमचं घोडं दूध देऊन बसलंय."

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात असं मी म्हणणार नाही, कारण आता डाव्या कानाने नीट काहीच ऐकू येत नाही. पण आठवतात. पहाटे मालगाडीचे डबे एकमेकांना धडकायचे, मग रिफायनरीचा भोंगा व्हायचा आणि मग पितळी चरवीत दुधाची पहिली धार पडायची. ती खणखणीत वाजायची, नंतर फेस चढला की आवाज मऊ होत जायचा. अंथरुणात पडल्या पडल्या, त्या आवाजावरून मी सांगायचे की आज जमनाचं मन कसं आहे. जमना गीर होती. अंगानं तांबडी, कान लोंबते, कपाळ पुढे आलेलं. छाणीच्या एका भरवाडाकडून, म्हणजे गुरं पाळणाऱ्याकडून, नानांनी ती आणली तेव्हा पहिलारू होती, आणि भरवाडानं ठेवलेलं नाव आम्ही तसंच ठेवलं. ती आईशिवाय कोणाचं ऐकायची नाही. नाना धार काढायला बसले की सरळ पान्हा चोरायची. मी पाटी घेऊन जवळ गेले की शिंग हलवायची, आणि आईला मात्र कधीमधी लाथ मारायची. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात ते ठीक, पण आईला त्या लाथांचा चक्क अभिमान होता. "मला मारते, कारण मी घरची," असं ती नडगीवरचा निळा डाग दाखवत शेजारच्या कांताबेनना सांगायची.

दिवस मोठे गमतीचे होते. गल्लीत पहिली डिश लागली होती आणि लोक जेवणं लवकर उरकून त्या घरी जाऊन बसायचे. हायवेवर रोज एका नव्या कंपनीची पाटी उगवत होती. नाना पेपर वाचून गंभीरपणे जाहीर करायचे की आता परदेशी कंपन्या येणार, आणि आई म्हणायची, "येऊ देत की. चहा टाकते." मी युनिव्हर्सिटीत सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. करत होते. घरात मराठी, बसमध्ये गुजराती, प्रयोगशाळेत इंग्रजी, आणि मैत्रिणींशी तिन्हींची भेळ, असं माझं चालायचं. आईला माझ्या विषयाचं नाव घेता यायचं नाही. कोणी विचारलं तर ती सांगायची, "आमची हेमा किडे शिकते. पण डोळ्याला न दिसणारे, म्हणजे घरात आणले तरी कळायचं नाही."

आमच्याकडे कच्चं दूध उंबऱ्याबाहेर जात नसे. हा नियम आईच्या सासूबाईंचा, आणि त्यांच्या सासूबाईंचा. घरच्या गाईचं कच्चं दूध परक्या हाती गेलं की गाय आटते, नाहीतर तिला दृष्ट लागते. म्हणून आम्ही कधी दूध विकलं नाही. कांताबेनच्या नातवाला वाटीभर लागायचं, कोपऱ्यावरच्या देवळात अभिषेकाला लागायचं, कोणाकडे आजारी माणूस असला तर कोणी मागायला यायचं. आई ना म्हणायची नाही, पण आधी पातेलं स्टोव्हवर चढायचं. दूध वर येऊन खाली बसलं की मगच ते घराबाहेर पडायचं. देवळातले पुजारीबुवा कुरकुरायचे की अभिषेकाला कच्चंच पाहिजे, तर आई म्हणायची, "महादेवाला चालतं. त्याला विष चाललं." आपण स्वतः प्यायचो तेही तापवूनच. एकदा मी धारोष्ण दूध प्यायचा हट्ट धरला तर आईनं सांगितलं होतं की धारोष्ण दूध वासरानं प्यावं, तुला चार पाय फुटले की तूही पी.

दिवाळीच्या आधी जमना गाभडली. सातवा महिना संपत आला होता. सकाळी आई पागेत गेली आणि तिथूनच तिनं मला हाक मारली, नेहमीपेक्षा हळू आवाजात. वासरू पूर्ण घडलेलं होतं, कान जमनासारखेच लांब, अंगावर केस नुकते आलेले. जार अडकली होती. जनावरांचे डॉक्टर दुपारपर्यंत आले नाहीत, तेव्हा आईनं पदर खोचला, हाताला गोडंतेल लावलं आणि सगळं स्वतः केलं. तिच्या तळहातांना त्या दिवसांत भेगा असायच्या, थंडी सुरू झाली की दरवर्षी पडायच्या. तेव्हा हातमोजे वगैरे आम्हा कोणाच्या डोक्यातही आलं नाही, माझ्यासुद्धा नाही, आणि आलं असतं तरी पागेत हातमोजे घालून जाणारी बाई आमच्या गल्लीत अजून जन्मायची होती. वासरू नानांनी मागच्या पडीक जागेत पुरलं. त्या वर्षी खरवस झाला नाही. दिवाळीला मावशीनं घडियाळी पोळातून लिलो चेवडो, म्हणजे तिथला ओलसर चिवडा, आणि भाकरवडी पाठवली होती, ती कोणी फारशी खाल्ली नाही. जमना मात्र थोडंथोडं दूध देऊ लागली, आणि आईनं ते तिचा समजूतदारपणा म्हणून सगळ्यांना सांगितलं.

संक्रांतीनंतर आईला ताप येऊ लागला. दिवसभर ठीक असायची, संध्याकाळी देवापाशी दिवा लावता लावता अंग तापायचं. मग दरदरून घाम, मग बरं. आठवडाभर ताप यायचा, नंतर काही दिवस यायचा नाही, आणि गेला म्हणून आम्ही श्वास सोडला की पुन्हा यायचा. कंबर धरायची, गुडघे धरायचे. पोळ्या लाटताना ती मध्येच लाटणं ठेवून भिंतीला टेकायची. कारेलीबागेतल्या डॉक्टरांनी आधी मलेरियाचं औषध दिलं, नंतर टायफॉइडचं. मावशीनं कुठला तरी अंगारा आणला, तोही लावून झाला. उन्हाळा आला तेव्हा आईचे ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले होते. डॉक्टर फोटो उजेडासमोर धरून म्हणाले, "छातीत काही दिसत नाही, तरी क्षयाचं औषध सुरू करून बघू."   घरी येताना स्कूटरवर मी पहिल्यांदा मनातल्या मनात तो विचार पूर्ण केला, की आई यातून उठली नाही तर? तोवर मी तो अर्ध्यावर सोडून देत असे.

त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शहरातल्या जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत काम शिकायला जात होते. तिथे त्रिवेदीबेन म्हणून डॉक्टर होत्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि बोलणं असं की बैलसुद्धा रांगेत उभा राहील. बाजव्याच्या बाजूला त्या वर्षी बऱ्याच गाई-म्हशींनी गाभ टाकले होते, आणि त्यांना ब्रुसेलोसिसचा संशय होता. हा जनावरांचा रोग. गाभण गाय सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभडते आणि वरून पुढे धडधाकट दिसते. पण रोग तिच्या अंगात राहतो, दुधातून आणि जारेतून बाहेर पडतो, आणि माणसालाही होतो. माणसाला झाला की काय होतं ते मी पुस्तकात वाचलं. संध्याकाळचा ताप, घाम, सांधे, कंबर. चढणारा, उतरणारा, पुन्हा चढणारा ताप. मी ते पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि उठून नळावर तोंड धुऊन आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा मला आमच्या पागेत उभा दिसत होता.

त्रिवेदीबेनना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "पहेलां गाय जोईए, आधी गाय बघू. गाय चोख्खी, तर तुझ्या मम्मीचं दुसरं काहीतरी." तपासणी सोपी होती. प्रत्येक गाईचं रक्त काढायचं म्हणजे चार माणसं लागतात, म्हणून सुरुवात दुधापासून. घराघरांत बाटल्या वाटल्या होत्या आणि सांगितलं होतं की सकाळच्या धारेचं कच्चं दूध त्यात घालून पाठवा. प्रयोगशाळेत ते काचेच्या बारीक नळीत घ्यायचं, त्यात मेलेल्या, निळ्याजांभळ्या रंगवलेल्या जंतूंच्या द्रवाचा थेंब टाकायचा, आणि नळी अंगाच्या उबेइतक्या कोमट पाण्यात तासभर उभी ठेवायची. गाईला रोग असेल तर तिच्या दुधातली रोगाशी लढणारी द्रव्यं ते रंगीत जंतू धरतात आणि मलईबरोबर वर नेतात. नळीच्या तोंडाशी जांभळं कडं दिसतं आणि खालचं दूध पांढरं होतं. रोग नसेल तर मलई पांढरी राहते आणि रंग खालीच राहतो.

आमची बाटली नाना शिफ्टला जाता जाता देऊन गेले. त्या दिवशी ती नळी मी स्वतः लावली. तासभर मला दुसरं काम सुचलं नाही. ते कडं दिसावं असंही वाटत होतं, कारण मग आईच्या तापाला नाव मिळालं असतं आणि नावाला औषध. आणि दिसू नये असंही वाटत होतं, कारण रोगी गाईला घरात जागा नाही, हे मी वाचलं होतं. कडं दिसलं नाही. सगळी नळी सारख्या फिकट जांभळ्या रंगाची, वर मलईचा जेमतेम एक पापुद्रा. त्रिवेदीबेननी नळी उजेडात फिरवली आणि म्हणाल्या, "मलाई ज नथी. घरडी छे तमारी गाय?" जमना म्हातारी नाही, मी म्हणाले. त्यांनी खांदे उडवले. त्या दिवशी शंभरेक नळ्या रांगेत उभ्या होत्या. आमच्या नळीवर 'नाही' अशी खूण झाली. घरी सांगितलं तेव्हा नाना हसले, आई तर उठून जमनाला गुळाचा खडा देऊन आली.  आता सोमवारपासून क्षयाचं औषध सुरू होणार होतं.

रविवारी संध्याकाळी मी तूप कढवायला साय काढत होते. आईला उभं राहवत नव्हतं म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं. पातेल्यावरची साय उलथन्यानं उचलली तर ती भाकरीसारखी अख्खी वर आली. मी ती तशीच हातात धरून उभी राहिले. जमनाच्या दुधाला एवढी साय येते, तर नळीत मलई का आली नाही?

"आई," मी विचारलं, "बाटलीत दूध घातलं ते कोणतं घातलं?"

आई खाटेवर पडली होती. "सकाळचंच. दुसरं कोणतं घालणार?"

"कच्चं?"

 तिनं पदरानं कपाळ पुसलं. मग म्हणाली, "एक उकळी दिली होती."

"आई! कच्चं पाहिजे म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं, ऐकलं मी. पण बाहेर जाणार होतं ने ते, हेमा! ते पण दवाखान्यात, कोणाकोणाच्या हातात. एवढं मोठं मशीन असेल तिथे, रोग असता तर तापवलेल्यात नसता का दिसला? दूध ते दूध."

त्यावर मी तिला सगळं समजावून सांगितलं. की तापवलं की दुधातली ती लढणारी द्रव्यं मरतात, मलई वर चढायची थांबते, मग रंगीत जंतूंना धरायला कोणी उरत नाही, आणि आजारी गायही नळीत निरोगी दिसते. नाना दारात येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "म्हणजे पुन्हा तपासायचं?" मी म्हणाले, "हो." "आणि निघाला रोग तर?" मी म्हटलं, "तर आईला योग्य औषध मिळेल." नानांनी विचारलं, "आणि जमना?" याचं उत्तर तिघांनाही माहीत होतं. आई छताकडे बघत होती. तिच्या कपाळावर घाम येऊ लागला होता, दिवेलागणीची वेळ झाली होती. ती म्हणाली, "उद्या डॉक्टरांना सांगा, दोन दिवस थांबा म्हणावं. ने सकाळी मी स्वतः नेते दूध. दुसऱ्या कोणाच्या हातात देणार नाही."

सकाळी तिनं धार काढली. चरवीतून लहान तांब्यात दूध ओतलं, वर झाकण ठेवलं, आणि स्वयंपाकघरातून दारापर्यंत आली. उंबऱ्यापाशी थांबली. मी मागे उभी होते, तिचे खांदे दिसत होते. इतकी वर्षं घरात कोणी न केलेली गोष्ट ती करत होती आणि तिला विचारायला सासूबाई हयात नव्हत्या. तिनं मागे वळून पागेकडे बघितलं, पुटपुटली, "रागावू नको गं," आणि उंबरा ओलांडला. हे ती कोणाला म्हणाली ते मला आजही ठाऊक नाही. नानांच्या स्कूटरवर मागे एका बाजूला बसून, तांब्या दोन्ही हातांनी मांडीवर धरून, ती बाजव्यापासून शहरापर्यंत आली. मी बसनं पोचले तेव्हा ती प्रयोगशाळेच्या बाकावर तांब्या घेऊन तशीच बसलेली होती, आणि एक शिपाई तिला तो खाली ठेवा म्हणून विनवत होता.

त्रिवेदीबेनना मी उकळीची हकीकत सांगितली. मला वाटलं होतं, त्या चिडतील. त्या आईसमोर स्टूल ओढून बसल्या आणि विचारलं, "बेन, घरमां बधा उकाळेलुं ज पीए?" सगळे तापवूनच पिता का? आई म्हणाली, "हो तर. आमच्याकडे कच्चं कोणी तोंडाला लावत नाही." "एटले ज आ छोकरी साजी छे," त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. म्हणून ही पोरगी धडधाकट आहे. मग त्यांनी आईचे हात हातात घेतले, तळवे उलटे करून बघितले आणि जमनाची जार कोणी काढली ते विचारलं. "मीच," आई म्हणाली. दुधातून नाही, तळहातांच्या त्या भेगांतून रोग तिच्या अंगात गेला होता. एका उकळीनं मला आणि नानांना वाचवलं होतं आणि त्याच उकळीनं तपासणीला फसवलं होतं. आज मी कारेलीबागेतल्या फ्लॅटमध्ये पिशवीचं दूध आणते, त्याला तापवायची गरज नसते असं मुलगी मला सांगते, तरी मी पातेलं चढवतेच. एकदा दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, आमचं तर नुसतं तोंड पोळलं नव्हतं.

नळी लावली. या वेळी आई समोर बसून होती, तिला घरी जा म्हटलं तर ऐकेना. पाऊण तास झाला असेल, नळीच्या तोंडाशी रंग जमायला लागला. आधी धुरकट, मग ठळक. शेवटी वर जांभळं कडं आणि खाली शुभ्र दूध. आई जवळ वाकून बघत होती. "वर आलंय तेच ना?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "हो." "छान रंग आहे," ती म्हणाली, आणि मला रडू फुटलं.

त्रिवेदीबेननी दुपारी बाजव्याला येऊन जमनाच्या मानेतून रक्त घेतलं. आईनं हात पुढे करून माझंही घ्या म्हटलं, तर त्या दोन पावलं मागे सरकल्या. "हुं तो ढोरनी डॉक्टर छुं, बेन! तुमच्या डॉक्टरला घेऊ द्या." कारेलीबागेतल्या डॉक्टरांना मी आणि नाना भेटलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, असा पेशंट आपण कधी पाहिला नाही असं सरळ सांगितलं, आणि रक्त काढून एक बाटली माझ्याच हाती दिली. दुसऱ्या दिवशी त्रिवेदीबेननी एक पांढरी फरशी मांडली. तिच्यावर एकीकडे जमनाच्या रक्तातल्या पाण्याचा थेंब, दुसरीकडे आईच्या. दोन्हींत गुलाबी द्रवाचा एकेक थेंब टाकला आणि फरशी हातानं हळूहळू हलवत राहिल्या. निरोगी असेल तर गुलाबी पाणी तसंच राहतं. आमच्या डोळ्यांदेखत दोन्ही थेंब फाटले, दूध नासतं तसे, बारीक गुठळ्या होऊन. आई कितीतरी वेळ त्या फरशीकडे बघत होती. मग म्हणाली, "कोणता तिचा, ने कोणता माझा?" त्रिवेदीबेननी बोट ठेवून दाखवलं. "सारखेच आहेत," आई म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, उलट, खोटं वाटेल, पण थोडा आपलेपणा होता. मला मात्र त्या क्षणी जमनाचा राग आला होता, अगदी खरा राग. असं का म्हणून विचारलं तर सांगता आलं नसतं.

औषध सुरू झालं. दोन तऱ्हेच्या गोळ्या, दोन्ही वेळा, दीड-दोन महिने, एकही चुकवायची नाही. त्या गोळ्यांनी आईचं तोंड कडू व्हायचं, अन्न जायचं नाही. नाना शिफ्टवरून येताना तिच्यासाठी लिंबू-सरबताच्या गोळ्या आणायचे आणि स्वतःच अर्ध्या खायचे. पहिले आठ-दहा दिवस काहीच फरक नव्हता. मग एका संध्याकाळी तिनं दिवा लावला, हात जोडले आणि तशीच उभी राहिली, वाट बघत. ताप आला नाही. तिनं मला बोलावून कपाळाला हात लावायला सांगितलं. कपाळ गार होतं. नाना बाहेरून ओरडले, "काय झालं?" मी त्यांना आत या म्हणून खुणावलं.

जमनाला पांजरापोळात पाठवायचं ठरलं होतं. ती जाण्याआधी आईनं त्रिवेदीबेनना घरी चहाला बोलावलं होतं. पोहे केले होते, वर लिलो चेवडो. खाऊन झाल्यावर आईनं विचारलं, "बेन, मला गोळ्या आहेत, ने तिला का नाही?" त्रिवेदीबेन बशी खाली ठेवून म्हणाल्या की जनावराला त्या गोळ्यांनी खात्रीनं गुण येत नाही. रोग अंगात लपून राहतो, आणि पुढच्या गाभाला पुन्हा सगळ्यांना धोका. म्हणून असं जनावर वेगळं ठेवतात, पुन्हा फळवत नाहीत. आई म्हणाली, "म्हणजे माझ्यावर खर्च करायचा आणि तिला वेगळं काढायचं." "हो," त्या म्हणाल्या. माझा त्यांच्यावरचा जीव तिथे आणखी वाढला, कारण त्यांनी उगाच गोड काही सांगितलं नाही.

पांजरापोळाचा टेम्पो सकाळी आला. तिथे अशा गाईंसाठी वेगळं कुंपण होतं, तिकडचं दूध कोणी काढत नसे. आई तेव्हा अशक्त होती, तरी तिनंच जमनाला फळीवरून वर चढवलं, कारण दुसऱ्या कोणाचं ती ऐकलीच नसती. वर चढताना जमनानं तिला एक लाथ मारली. आई कळवळली आणि हसली. टेम्पो निघाल्यावर नाना पागेत जाऊन झाडू मारत बसले, नंतर चुना आणि औषध शिंपडलं. आई गाडी फाटकापलीकडे जाईपर्यंत उभी होती. त्या दिवशी घरात दूध नव्हतं. कांताबेननं पिशवी आणून दिली, आणि आईनं ती सवयीनं तापवली.

गोळ्या संपल्या तेव्हा पावसाळा अर्धा सरला होता. आई अंगानं भरली होती, ब्लाउजांच्या शिवणी आत घेतल्या होत्या त्या पुन्हा उसवाव्या लागल्या. शेवटची गोळी घेतली त्याच दुपारी तिनं गुळपोळी केली, एक डब्यात घातली आणि मला म्हणाली, "चल." मी कुठे म्हणून विचारलं नाही. पांजरापोळात चिखल होता, साड्या वर धरून आम्ही कुंपणापर्यंत गेलो. तिथल्या रखवालदारानं आत जाऊ दिलं नाही, बाहेरूनच घाला म्हणाला. जमना लांब दुसऱ्या गाईंमध्ये उभी होती. आईनं हाक मारली. जमनानं मान वर केली, कान हलवले, आणि चालत आली, घाई नाही की काही नाही. आईनं गुळपोळीचा तुकडा कुंपणातून पुढे केला. जमनानं तो खाल्ला. मग दोन तारांमधून हात घालून तिच्या कपाळावर ठेवला. "मी बरी झाले गं," आई म्हणाली. आणि एवढं बोलून, जमनाकडे बघवेना म्हणून, तिनं मान खाली घातली.